वकीलबाईंना विचारा : फौज परदेशात, कायदा कुठवर?

गेल्या अंकात मानवी हक्क आयोगाकडे अर्ज कसा करायचा ते लिहिलं होतं. त्यावर अर्जाचा नमुना मागणारी पत्रं नेहमीप्रमाणे आलीच, पण चौघांनी विषय पार समुद्रापलीकडे नेला. या वेळी त्यांचीच उत्तरं. वाटणीपत्र आणि बक्षीसपत्रवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : वकीलबाई, जय हिंद. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. भरती होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा श्रीलंकेला गेलो, पुढे यूएनच्या मिशनवर काँगोत गोमाला होतो. माझी पुतणी सोलापुरात एलएलबी करते. ती म्हणते, काका, परदेशातसुद्धा तुम्हाला मानवी हक्कांचे करार लागू होते. मी म्हटलं, आम्हाला जिनिव्हा शिकवलंय, म्हणजे युद्धाचा कायदा. मानवी हक्क वगैरे आपल्या देशात, पोलिस ठाण्यात. आता जेवायला बसलं की हाच वाद. कोण बरोबर?
— माजी सुभेदार, बार्शी तालुका

उत्तर : सुभेदारसाहेब, पुतणी बरोबर आहे. तुम्हीही निम्मे बरोबर आहात. त्या निम्म्याकडे जरा पुढे येते.

तुमच्या वादातला मुख्य करार म्हणजे १९६६ चा नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. तो १९७६ मध्ये अमलात आला आणि भारत १० एप्रिल १९७९ रोजी त्यात सामील झाला. म्हणजे तुमची पलटण लंकेत उतरली तेव्हा भारत या कराराने बांधला जाऊन आठ वर्षं उलटली होती. त्याचं दुसरं कलम म्हणतं की प्रत्येक देश आपल्या प्रदेशातल्या आणि आपल्या अधिकारक्षेत्रातल्या सर्व व्यक्तींना हे हक्क मिळवून देईल. वकिलांना भांडायला एवढं पुरतं. अमेरिका म्हणते, दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. माणूस आमच्या भूमीवरही हवा आणि आमच्या अधिकारातही. १९५० साली मसुद्यावर चर्चा चालू होती तेव्हा प्रदेशाची अट घालायचा आग्रह अमेरिकेनेच धरला होता, आणि ती बाजू मांडत होत्या एलेनॉर रूझवेल्ट. जर्मनीत, ऑस्ट्रियात, जपानमध्ये तेव्हा अमेरिकी सैन्य बसलेलं होतं, आणि तिथल्या लोकांच्या हक्कांची जबाबदारी अमेरिकेला अंगावर घ्यायची नव्हती. इतकं उघड बोलणारा पक्षकार मला आवडतो, भले त्याचं म्हणणं पटो न पटो.

पण करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने ही पळवाट १९८१ मध्येच बुजवली. उरुग्वेचा लोपेझ बुर्गोस नावाचा कामगार नेता देश सोडून अर्जेंटिनात आश्रयाला गेला होता. १९७६ मध्ये उरुग्वेच्याच सुरक्षा दलाच्या माणसांनी त्याला ब्युनोस आयर्समधून उचललं, तिथेच डांबून ठेवलं, छळलं आणि मग गुपचूप मायदेशी नेलं. बायकोने समितीकडे तक्रार केली. समितीचं म्हणणं थोडक्यात असं : जे स्वतःच्या देशात करायला मनाई आहे ते दुसऱ्याच्या देशात जाऊन करायची मोकळीक करार देतो, असा अर्थ कुणी लावू नये. पुढे २००४ मध्ये समितीने नियमच लिहून टाकला की ज्या माणसावर देशाची सत्ता किंवा परिणामकारक ताबा आहे त्याला, तो कुठेही असो, हे हक्क आहेत. आणि उदाहरण म्हणून काय दिलंय, तर आंतरराष्ट्रीय शांतिमोहिमेवर पाठवलेली राष्ट्रीय तुकडी. गोम्यातली तुमची तुकडी अगदी यातच बसते.

त्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टाइनमधल्या इस्रायली भिंतीबद्दल मत देताना हीच भूमिका घेतली. आणि २००५ मध्ये तर तुमच्या ओळखीच्या मुलखाचाच निकाल आला. गोम्याच्या उत्तरेला इटुरी आहे. तिथे युगांडाचं सैन्य ठाण मांडून होतं. न्यायालयाने युगांडाला तिथे कब्जा करून बसलेली सत्ता मानलं, तिथल्या हत्या आणि छळाबद्दल युद्धाच्या कायद्याबरोबर मानवी हक्कांच्या करारांखालीही जबाबदार धरलं, आणि २०२२ मध्ये एकूण ३२ कोटी ५० लाख डॉलर भरपाई ठरवली.

आता तुमचं निम्मं. जिनिव्हा करार रद्द झालेले नाहीत, बाजूलाही पडलेले नाहीत. १९९६ मध्ये अण्वस्त्रांच्या प्रकरणात हेगच्या न्यायालयाने सांगितलं की जगण्याचा हक्क युद्धातही संपत नाही, पण एखादा मृत्यू मनमानी होता की नाही हे रणांगणावर युद्धाच्या कायद्यानेच मोजायचं. समोरून फायर आला, तुम्ही उलट फायर केलात, तिथे तुमचं जिनिव्हाच चालतं. मानवी हक्कांचा करार आपलं बळ दाखवतो तो फायर थांबल्यावर : पकडलेल्या माणसाला कसं ठेवलं, कुणी मेला तर चौकशी कुणी केली, आणि चौकशी करणारा ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच हाताखालचा तर नव्हता ना.

इराकमधल्या बसऱ्याचं प्रकरण घ्या. सप्टेंबर २००३. बहा मूसा, वय २६, एका हॉटेलात रात्रपाळीचा रिसेप्शनिस्ट. ब्रिटिश सैनिकांनी हॉटेलवर छापा घातला आणि त्याला इतरांबरोबर तळावर नेलं. डोक्यावर पोती चढवली, एकाच अवघड स्थितीत तासन्‌तास उभं केलं, मारलं. साधारण ३६ तासांत तो मेला. अंगावर ९३ जखमा मोजल्या गेल्या. कैद्यांच्या डोक्यावर अशी पोती चढवायला ब्रिटिश सरकारने १९७२ मध्येच बंदी घातली होती. तीस वर्षांत ती बंदी पलटणीपर्यंत पोचलीच नव्हती, किंवा पोचून विरून गेली होती. हे उजेडात आलं ते जाहीर चौकशी आयोगामुळे, ज्याचा अहवाल २०११ मध्ये आला. एका कॉर्पोरलने अमानुष वागणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्याला वर्षाची कैद झाली. जिनिव्हाने हे कृत्य आधीच गुन्हा ठरवलेलं होतं. पण नात्यागोत्यातल्या माणसांना सरकारला कोर्टात खेचता आलं ते मानवी हक्कांच्या युरोपीय कराराच्या जोरावर.

लंकेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिते. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले. भारतीय बाजूने सांगितलं गेलं की आतून गोळीबार होत होता आणि ते चकमकीत सापडले. तमिळ बाजू म्हणते, सरळ मारलं. कोण खरं ते इथे बसून मी ठरवणार नाही. पण नेमकं अशाच वेळी स्वतंत्र चौकशी मागायचा आधार हा करार देतो, आणि ती झाली तर त्यात सैनिकाचंही भलं असतं, कारण निर्दोष माणसाच्या नावामागचा संशयही तिनेच मिटतो.

काँगोत आणखी एक गुंता : हुकूम यूएनचा, माणसं भारताची, मग जबाबदार कोण? स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये कोसोव्होच्या प्रकरणात म्हटलं की जबाबदारी यूएनची, आणि यूएन काही आमच्यासमोर प्रतिवादी होऊ शकत नाही. झालं, फाइल बंद. मला तो निकाल कधीच पटला नाही. सहा वर्षांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळं केलं. जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. यूएनचा एक स्थानिक दुभाषा डच तळावर काम करत होता. त्याच्या वडिलांना आणि भावाला डच सैनिकांनी तळाबाहेर काढलं आणि सर्बांनी त्यांना मारलं. न्यायालयाने पाहिलं की त्या क्षणी कोणाला तळावर ठेवायचं, कोणाला घालवायचं हे प्रत्यक्षात कोण ठरवत होतं. उत्तर : डच सैन्य आणि डच सरकार. हेल्मेट निळं होतं म्हणून देश सुटला नाही.

आता खरी मेख. करार लागू आहे, पण दाद कुठे मागायची? समितीकडे व्यक्तीला तक्रार करू देणारा जो जोडकरार आहे तो भारताने स्वीकारलेलाच नाही. म्हणजे उरुग्वेच्या त्या बाईने केलं ते गोम्यातल्या बाईला भारताविरुद्ध करता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच, जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात, सांगितलंय की संसदेने कायदा केल्याशिवाय असा करार इथल्या कोर्टात थेट चालत नाही. राहिला मानवी हक्क आयोग. १९९३ च्या कायद्याचं कलम १९ वाचा : सशस्त्र दलांविरुद्ध तक्रार आली तर आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवू शकतो आणि शिफारस करू शकतो. स्वतः जाऊन तपास नाही.

म्हणून भारतीय सैनिकाच्या बाबतीत परदेशात खरा दात असलेला कायदा कुठला, तर तुमचा जुना १९५० चा आर्मी ॲक्ट. तो सैनिक जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जातो. कलम ७० तुम्हाला पाठ असेल : सामान्य नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर एरवी कोर्ट मार्शल चालत नाही, नेहमीचं फौजदारी कोर्टच लागतं, पण गुन्हा भारताबाहेर घडला असेल तर कोर्ट मार्शल चालतं. यूएनच्या मिशनवरसुद्धा फौजदारी कारवाईचा अधिकार ज्या देशाचं सैन्य त्या देशाकडेच राहतो. म्हणजे काँगोतल्या फिर्यादीचा निकाल दोन-अडीच हजार कोसांवरच्या भारतीय कोर्ट मार्शलच्या हाती. माझं मत विचाराल तर भारताने तो जोडकरार स्वीकारावा. एवढी वर्षं, एवढ्या मोहिमांत सैन्य पाठवणाऱ्या देशाला त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

प्रश्न : मॅडम, माणसाला पकडून खोलीत डांबलं तर मानवी हक्क लागू, आणि विमानातून बॉम्ब टाकून मारलं तर नाही, असं बँकोविच निकालावरून वर्गात सांगितलं. हे खरंच असं आहे का? परीक्षेत काय लिहू?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : होतं खरं असं, आणि अजून पुरतं गेलेलं नाही.

२३ एप्रिल १९९९ च्या पहाटे नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधली सर्बियन रेडिओ-टीव्हीची इमारत उडवली. रात्रपाळीचे १६ कर्मचारी मेले. नातेवाईक स्ट्रासबर्गला गेले, नाटोतल्या १७ युरोपीय देशांविरुद्ध. डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने अर्ज दारातच परत केला, हाच तुझा बँकोविच निकाल : नुसता बॉम्ब टाकल्याने खालची माणसं तुमच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत. आपल्याकडे फिर्याद द्यायला गेलं की आधी 'हद्द कुणाची?' विचारतात ना, तसंच हे. फक्त इथे कुणाचीच हद्द नाही असं ठरलं.

नंतर भिंतीला तडे गेले. बहा मूसाबरोबर आणखी पाच इराकींची प्रकरणं होती. त्यांतले बहुतेक गस्तीच्या वेळी गोळी लागून मेलेले. २००७ मध्ये ब्रिटिश लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायाधीश, म्हणाले, फक्त मूसा आमच्या हातात होता, बाकीचे नाहीत. २०११ मध्ये अल-स्केनी निकालात स्ट्रासबर्गने सहाही जण आत घेतले, कारण बसऱ्यात कायदा-सुव्यवस्था तेव्हा ब्रिटनच सांभाळत होतं. २०१४ चा जालूद निकाल मुळातून वाच, तो माझा आवडता आहे. इराकमधला एक चेकपोस्ट, २००४ सालची रात्र, न थांबता गेलेली गाडी, डच लेफ्टनंटने झाडलेल्या २८ गोळ्या, आणि पुढच्या सीटवर बसलेला माणूस मेलेला. गाडीवर इराकी शिपायांनीही गोळ्या झाडल्या होत्या का, हा प्रश्न होता. त्यांची यादी फाइलमध्ये नाही. शवविच्छेदन अर्धवट. शरीरातून काढलेले धातूचे तुकडे गहाळ. लेफ्टनंटची जबानी घेण्याआधी त्याला इतरांशी बोलण्यापासून कुणी अडवलेलं नाही. जिल्हा न्यायालयात उभं राहिलेल्या कुठल्याही फौजदारी वकिलाला ही फाइल ओळखीची वाटेल. नेदरलँड्स हरलं, तेही गोळी झाडली म्हणून नाही, तपास नीट केला नाही म्हणून.

मग २०२१ मध्ये न्यायालय पुन्हा मागे सरकलं. २००८ च्या पाच दिवसांच्या रशिया-जॉर्जिया युद्धाबद्दल म्हणालं की धुमश्चक्री चालू असताना, गोंधळाच्या त्या अवस्थेत, कुणाचा ताबा कुणावर हे म्हणताच येत नाही. म्हणजे जितकी मोठी मारामारी तितकी कमी जबाबदारी! ९ जुलै २०२५ रोजी युक्रेन आणि नेदरलँड्स विरुद्ध रशिया या निकालात मोठ्या पीठाने ही वाट सोडली, २०१४ पासूनच्या हल्ल्यांबाबत रशियाचं अधिकारक्षेत्र मानलं, आणि १७ जुलै २०१४ ला पाडलेल्या मलेशियन विमानातल्या २९८ जणांबद्दलही रशियाला दोषी धरलं. त्या प्रवाशांना कुणी हात लावला नव्हता, खोलीत डांबलं नव्हतं. बँकोविचच्या कसोटीवर ते कधीच आत आले नसते.

हे सगळं युरोपातल्या कराराचं. आपल्याला लागू असलेल्या १९६६ च्या करारावर समितीने २०१८ मध्ये म्हटलंय की देशाच्या लष्करी कृतीचा ज्यांच्या जिवावर थेट आणि आधी कळण्यासारखा परिणाम होतो, ते देशाबाहेर असले तरी जगण्याच्या हक्काखाली येतात. सरकारांना हे फार रुंद वाटतं. त्यांची भीती अगदीच पोकळ नाही : प्रत्येक तोफगोळ्यामागे खटला उभा राहिला तर सैन्य बाहेर पाठवायला कोणी धजणार नाही. पण ज्याच्याकडे दुरून मारायची ताकद जास्त त्यालाच सूट जास्त, हा हिशेब मला कायद्याचा वाटत नाही.

परीक्षेत बँकोविच लिही, अल-स्केनी लिही, जॉर्जिया लिही आणि २०२५ चा निकाल नक्की लिही. तपासणाऱ्याला तो माहीत नसला तर तारीख पाहून तो शोधेल.

प्रश्न : आमच्या घरात मार्शल लॉच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या. चार हुतात्मा चौकातून रोज जाते. तेव्हा असे करार असते तर इंग्रजांना कुणी जाब विचारला असता का?
— निवृत्त शिक्षिका, नवी पेठ

उत्तर : १९३० मध्ये जगात असा एकही करार नव्हता. मे आणि जूनमध्ये आपलं सोलापूर शहर लष्कराच्या हाती होतं, गांधी टोपी घातली म्हणून माणसाला शिक्षा होत होती, आणि दाद मागायची जागा म्हणजे मुंबईचं उच्च न्यायालय, तेही इंग्रजांचंच. लष्करी न्यायालयांच्या शिक्षांना तिथे आव्हान दिलं गेलं होतं. निकालपत्र जुन्या लॉ रिपोर्टांत छापलेलं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली.

करार असता तर? त्याचं उत्तर सायप्रस देतो. युरोपीय करार १९५० मध्ये झाला तेव्हा त्यात एक खास कलम घातलं गेलं : तो वसाहतींना आपोआप लागू होणार नाही, मालक देशाने तसं कळवलं तरच. दूरच्या माणसांवर राज्य करायचं आणि हक्क मात्र घरच्यांपुरते ठेवायचे, याची सोय मसुद्यातच. तरी १९५३ मध्ये ब्रिटनने आपल्या ४२ मुलखांना तो लागू केला, त्यात सायप्रस होतं. तीन वर्षांनी ग्रीसने ब्रिटनविरुद्ध तक्रार केली : संचारबंदी, फटक्यांची शिक्षा, विनाचौकशी कैद. ब्रिटनला युरोपच्या आयोगापुढे उत्तरं द्यावी लागली. प्रकरण शेवटी राजकीय तडजोडीत मिटलं, पण जाब विचारला गेला. आपल्या चौघांच्या फाशीला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

प्रश्न : केरळच्या किनाऱ्याजवळ इटलीच्या सैनिकांनी आपले दोन मच्छीमार मारले होते. त्यांच्या घरच्यांना हे मानवी हक्काचे करार का उपयोगी पडले नाहीत?
— कापड व्यापारी, चाटी गल्ली

उत्तर : तो खटला दुसऱ्याच मुद्द्यावर लढला गेला. १५ फेब्रुवारी २०१२ ची घटना. 'एनरिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावर चाच्यांपासून राखण करायला बसवलेल्या इटालियन नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. भारत म्हणाला, खटला आम्ही चालवणार. इटली म्हणाली, आमचे सैनिक सरकारी कामावर होते, त्यांना सूट आहे. आठ वर्षं त्यावरच गेली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने सूट मान्य केली आणि भारताला भरपाई मागायचा हक्क दिला. इटलीने १० कोटी रुपये भरले : दोन्ही घरांना चार-चार कोटी, बोटीच्या मालकाला दोन कोटी. जून २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खटला बंद केला.

ही सूट सैनिकाला असते, त्याच्या देशाला मानवी हक्कांच्या न्यायालयात ती मिळत नाही. इटली युरोपीय कराराने बांधलेली आहे आणि अर्जदार युरोपचाच असावा अशी अट नाही. बसऱ्याची माणसं गेलीच की. समोरच्या बोटीवर ठरवून, जवळून झाडलेली गोळी अधिकारक्षेत्रात येते असा वाद तिथे नक्की घालता आला असता. २०२१ मध्ये लिट्विनेंको या माजी रशियन गुप्तहेराच्या प्रकरणात, लंडनमधल्या विषप्रयोगाबद्दल, स्ट्रासबर्गने रशियाला असंच धरलं. मात्र आधी इटलीतल्या न्यायालयांचे दरवाजे ठोठावावे लागतात, आणि शेवटच्या निकालापासून अर्जाची मुदत मोजली जाते. तेव्हा ती सहा महिन्यांची होती, २०२२ पासून चार महिन्यांची आहे.